यंत्र अण्णांच्या छातीत, रेंज सड्यावर

प्रति,
पेसमेकर, ग्लुकोज सेन्सर आणि तत्सम बिनतारी यंत्रं बनवणाऱ्या व विकणाऱ्या कंपन्या,
ती रुग्णांच्या अंगात बसवणारी मुंबई-पुण्याची रुग्णालयं,
आणि या व्यवहारावर लक्ष ठेवणं ज्यांचं काम आहे ते केंद्र व राज्य शासनाचे अधिकारी यांस,

विषय : घरबसल्या देखरेखीची यंत्रं कोकणात चालतील अशी द्यावीत, चालणार नसतील तर बसवण्याआधी सांगावं.

स.न.वि.वि.

गेल्या महिन्यात तुमच्यापैकी एका कंपनीने माझ्या वडिलांना इंग्रजीतून एसएमएस पाठवला. त्यांच्या छातीतल्या पेसमेकरची खबर रुग्णालयाला कळवणारा, उशाशी ठेवायचा जो डबा तुम्ही दिला होता, त्याची सेवा मेअखेर बंद होणार. त्याऐवजी एक लहान यंत्र मिळेल, ते ब्लूटूथने स्मार्टफोनला जोडायचं, फोनवर कंपनीचं अॅप घालायचं, आणि तो फोन कंपनीच्या यादीतलाच असायला हवा. ज्यांना हे जमणार नाही त्यांनी तपासणीसाठी पूर्वीसारखं मुंबईच्या रुग्णालयात यावं. शेवटी, या संदेशाला उत्तर देऊ नये.

अण्णा ७८ वर्षांचे आहेत. एसटीत ड्रायव्हर होते, गुहागर-मुंबई रातराणी चालवून निवृत्त झाले. त्यांचा फोन बटणांचा. रिचार्ज संपल्याचा एसएमएस असेल असं वाटून त्यांनी तो माझ्या दुकानात आणून दिला. उत्तर देऊ नये म्हणालात, म्हणून हे उघड पत्र लिहितोय.

गुहागर तालुक्यात माझं मोबाइल दुरुस्तीचं आणि इलेक्ट्रिक सामानाचं दुकान आहे. मी डॉक्टर नाही. पण रेंज, सिम, अडॅप्टर, ब्लूटूथ यांतच माझा दिवस जातो, आणि अलीकडे लोक मोबाइलसोबत तुमचे डबेही माझ्या काउंटरवर आणून ठेवायला लागलेत. 'बघ रे जरा, याचा दिवा पिवळा झालाय.' तेव्हा एका घरचं गाऱ्हाणं म्हणून हे पत्र बाजूला सारू नका.

आधी तुमच्या बाजूचं बोलतो, कारण तेही खरं आहे. अंगात घालायचा पहिला पेसमेकर १९५८ साली स्वीडनमध्ये आर्ने लार्सन यांना बसवला. रूने एल्मक्विस्ट नावाच्या इंजिनिअरने तो बनवला होता आणि ओके सेनिंग नावाच्या सर्जननी बसवला. तो काही तासांतच बंद पडला. पुढे लार्सन यांना एकामागून एक वीसहून जास्त पेसमेकर बसले आणि ते २००१ सालापर्यंत जगले. तिथून सुरू झालेलं काम आज असं आहे की छातीतलं यंत्र स्वतःची बॅटरी, हृदयापर्यंत गेलेल्या तारेची अवस्था, ठोक्यांचा गोंधळ, सगळं रात्री आपणहून कळवतं. जगात ४०२ ते ४०५ मेगाहर्ट्झचा पट्टा अंगातल्या यंत्रांसाठी राखलेला आहे आणि त्यावर बोलायची ताकद २५ मायक्रोवॉटच्या वर नेता येत नाही. गिऱ्हाइकाला मी असं सांगतो: टॉवर लांब असताना तुमचा फोन जेवढ्या जोराने ओरडतो, त्याच्या आठ हजाराव्या हिश्शाने अण्णांच्या छातीतलं यंत्र कुजबुजतं. त्याला कारण आहे. तीच बॅटरी आठ-दहा वर्षं पुरवायची असते, आणि शरीरात सगळं खारं पाणी, ते लहरी पिऊन टाकतं. म्हणून सहा-सात फुटांपलीकडे ती खबर नीट पोचत नाही, आणि म्हणून उशाशी डबा लागतो.

या सहा-सात फुटांचं काम तुम्ही चोख केलंत, त्याबद्दल मनापासून नमस्कार. डब्यापासून मुंबईच्या रुग्णालयापर्यंतचे अडीचशेवर किलोमीटर मात्र तुम्ही आमच्या अंगावर टाकून मोकळे झालात. माझी तक्रार तेवढ्याच टप्प्याबद्दल आहे.

रेंजपासून सुरुवात करतो. आमची वाडी सड्याखाली आहे. कोकणाबाहेरच्या साहेबांसाठी सांगतो, सडा म्हणजे वरचं कातळाचं उघडं पठार. टॉवर तिथे. माणसं खाली राहतात, जिथे विहिरीला पाणी आहे आणि माड-पोफळी जगते. त्याच्याही खाली खाडी. मुंबईहून आलेला चाकरमानी फोन कानाला लावून सड्याच्या वाटेला लागलेला दिसला की ऑफिसचा फोन आहे हे पोरंसुद्धा ओळखतात. घराच्या भिंती जांभ्याच्या, हातभर जाड. माजघरात रेंज नाही.

अण्णांच्या डब्यावर तीन दिवे आहेत. पहिला विजेचा, दुसरा छातीतल्या यंत्राशी जोड लागली का त्याचा, तिसरा नेटवर्कचा. माजघरात खाटेशेजारी डबा ठेवला की पहिले दोन हिरवे आणि तिसरा पिवळा. ओटीच्या खिडकीत ठेवला की तिसरा हिरवा, पण तिथून खाट लांब पडते, मग दुसरा पिवळा. आम्ही एक्स्टेन्शन बोर्ड लावून डबा घरभर फिरवून बघितला. शेवटी अण्णांनाच हलवलं. खाट ओटीवर आली, खिडकीला लावून. पावसाळ्यात झड आत येते तेव्हा आई खाटेच्या कडेला प्लास्टिक बांधते आणि डब्यावर प्लास्टिकचा टब पालथा घालते. पत्र्याचं घमेलं घालायचं नाही हे मी तिला बजावून ठेवलंय, कारण पत्र्याखालून सिग्नल बाहेर पडणार नाही. हृदयाचा रुग्ण जून ते सप्टेंबर ओलसर ओटीवर झोपतो, कारण तुमच्या डब्याला तिथे रेंज मिळते. पेसमेकर बसवताना रुग्णालयात अण्णांना रक्तापासून दातांपर्यंत सगळं विचारलं. तुम्ही झोपता कुठे आणि तिथे रेंज आहे का, हे कुणी विचारलं नाही.

लाइटचं वेगळं सांगायला नको. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या पट्ट्यात धडकलं, त्यानंतर दापोली-मंडणगडकडच्या गावांत कित्येक आठवडे वीज नव्हती. पुढच्या वर्षी मेमध्ये तौक्ते आलं आणि २२ जुलैला चिपळूण पाण्याखाली गेलं. वादळ-पूर सोडा, मिरगाच्या पहिल्या गडगडाटाला लाइट जाते ती कधी येईल याचा नेम नसतो. टॉवरच्या बॅटऱ्या उतरल्या की रेंजही जाते. तुमच्या डब्यात बॅटरी नाही. इन्व्हर्टर असला तर ठीक, नसला तर डबा बंद. लाइट येते ती कधी झटका देऊन येते आणि अडॅप्टर जळतो. त्याच मापाचा अडॅप्टर माझ्या दुकानात आहे. तो लावला तर वॉरंटी गेली असं तुम्ही म्हणता, आणि तुमचा मागवला तर तो चिपळूणला कुरिअरवाल्याकडे पडून राहतो.

आता मुख्य गोष्ट. बघतं कोण?

मागच्या पावसाळ्यात आमचा डबा बरेच दिवस मुका होता. अडॅप्टर जळला होता. त्या सगळ्या काळात रुग्णालयातून एकही फोन आला नाही. मीच केला, तेव्हा पलीकडच्या मुलीने कॉम्प्युटरमध्ये बघून सांगितलं, 'हो सर, पेशंट डिस्कनेक्टेड दाखवतोय.' दाखवतोय म्हणजे तिच्या पडद्यावर ते रोज दिसत होतं. कुणाला कळवायचं हे तिला कुणी सांगितलेलं नव्हतं. त्या मुलीवर माझा राग नाही. ती बिचारी अपॉइंटमेंटही देते, बिलंही बघते, आणि उरलेल्या वेळात आमची काळजं.

देखरेखीचा फायदा होतो, हे मी मान्य करतो. २०१४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात इन-टाइम नावाचा अभ्यास आला. हृदय कमजोर झालेले, छातीत डिफिब्रिलेटर (ठोके भलतेच बिघडले तर झटका देऊन ताळ्यावर आणणारं यंत्र) असलेले ६६४ रुग्ण. निम्म्यांवर रोज बिनतारी देखरेख होती, निम्म्यांवर नव्हती. वर्षभरात देखरेखीतल्या गटात १० जण गेले, दुसऱ्या गटात २७. अण्णांचा पेसमेकर साधा आहे, त्यांना हाच हिशेब लागू होईल असं मी म्हणत नाही. पण त्या अभ्यासात आलेली खबर वाचायला माणसं बसवलेली होती आणि काही वावगं दिसलं की रुग्णाच्या घरी फोन जात होता, हे जाहिरातीत येत नाही. दुसरं उदाहरण फुप्फुसाच्या रोहिणीत बसवायच्या दाब-सेन्सरचं. त्यात बॅटरीच नसते. रुग्ण रोज एका खास उशीवर आडवा होतो, उशीतली अँटेना सेन्सरला ताकद देते आणि दाबाचा आकडा वाचून घेते. २०११ च्या अभ्यासात ५५० रुग्ण होते, आणि सेन्सरचे आकडे बघून उपचार केलेल्या गटात हृदय निकामी होऊन दाखल व्हायचं प्रमाण सहा महिन्यांत २८ टक्क्यांनी कमी निघालं. आकडा पाहून डॉक्टरांनी गोळ्या कमी-जास्त केल्या, म्हणून ते झालं. हृदयतालाच्या डॉक्टरांच्या आंतरराष्ट्रीय संघटनांनी २०२३ साली एकत्र बसून लिहून ठेवलंय की अशा देखरेखीत दर १००० रुग्णांमागे किमान ३ पूर्णवेळ माणसं हवीत. तुमच्याकडे किती आहेत, ते कळवा.

कोकणाला हे नवीन नाही. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर, २०२२ चे पद्मश्री, यांनी लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन हे औषध लागू पडतं हे जगाला दाखवलं, ते कुठल्या सेन्सरच्या जोरावर नव्हे. खेड्यातल्या दवाखान्यात रुग्णाच्या उशाशी बसून नाडी, रक्तदाब, श्वास तपासत, त्याची नोंद ठेवत त्यांनी ते शोधलं. तुमचं यंत्र ती नोंद झोपेत, आपोआप आणि जास्त अचूक करतं. उशाशी बसणारा माणूस मात्र तुम्ही हिशेबातून काढून टाकलात.

यातून एक भलताच समज पसरलाय आणि तो जिवावर बेतेल असा आहे. आमच्या शेजारच्या काकांना चक्कर यायची म्हणून छातीच्या कातडीखाली ठोके नोंदवणारं छोटं यंत्र बसवलंय. एकदा सकाळी त्यांना घेरी येऊन घाम फुटला, तर दुपारपर्यंत ते ओटीवर बसून राहिले. का? 'काही असतं तर मुंबईवरून फोन आला असता.' सुदैवाने निभावलं. ही यंत्रं तातडीच्या मदतीसाठी नाहीत, हे तुम्ही स्वतःच माहितीपुस्तिकेत छापता, इंग्रजीत, बारीक अक्षरांत. घरच्यांना तोंडाने सांगत नाही. १०८ ला फोन करा, डब्याकडे बघत बसू नका, हे एक वाक्य सांगायला किती खर्च येतो?

गणपतीला मुंबईहून येणारी मुलं बापाच्या मनगटावर घड्याळं बांधून जातात, त्याचंही हेच. घड्याळ एका बाजूने ईसीजी काढतं, ठोक्यांची अनियमितता कधी पकडतं. हार्ट अटॅक त्याला कळत नाही, आणि तसं बनवणारेच लिहून देतात. शिवाय चतुर्दशीनंतर ते चार्जिंगला कोण लावतं, देव जाणे. माझ्याकडे दोन-तीन दुरुस्तीला आली ती नुसती चार्ज करून परत दिली.

आता अॅपचं. इथे मात्र मी माझ्या धंद्यातलं बोलतोय.

जुन्या डब्यात सिम तुमचं होतं. रिचार्जची भानगड आम्हाला नव्हती. नव्या व्यवस्थेत खबर रुग्णाच्या फोनच्या नेटवर जाणार. म्हणजे फोन आमचा, रिचार्ज आमचा, आणि रिचार्जची मुदत संपली की देखरेखही संपली. एसएमएसमध्ये याला 'अधिक सोयीस्कर' म्हटलंय. कुणाच्या सोयीचं, ते तुम्हीच सांगा.

दुसरं असं की स्वस्तातले अँड्रॉइड फोन बॅटरी वाचवण्यासाठी मागे चालू असलेली अॅपं आपणहून बंद करतात. कुठल्या कंपनीच्या फोनमध्ये हे सेटिंग कुठे दडवलंय ते शोधायला मलाही वेळ लागतो. नातवाने गेम खेळून झाल्यावर सगळी अॅपं वर सरकवून झाडली की तुमचंही गेलं. सॉफ्टवेअर अपडेट झालं की फोन ब्लूटूथची परवानगी पुन्हा मागतो, इंग्रजीत, आणि आजोबा 'नाही' दाबतात, कारण अनोळखी काही आलं की 'नाही' दाबायचं हे आम्हीच त्यांना शिकवलंय. बँकेच्या फसवणुकीचे फोन सगळ्यांनाच येतात. फोन बिघडून माझ्याकडे आला की तो एक दिवस ते आठवडाभर राहतो. त्या दिवसांत छातीतलं यंत्र कुणाशी बोलणार? घरात स्मार्टफोन असतो तो कमावत्या मुलाच्या खिशात. तो सकाळी चिपळूणला कामाला जातो, कधी रात्री मुक्कामाला राहतो. उशाशी राहतं ते म्हातारं माणूस.

वाडीत एक शाळकरी मुलगी आहे, लहानपणापासून मधुमेह असलेली. तिच्या दंडावर ग्लुकोज सेन्सर असतो. चौदा दिवस टिकायचा. मे महिन्याच्या घामात आणि पावसाच्या दमटपणात त्याची चिकटपट्टी चार-सहा दिवसांत कडेने सुटायला लागते. तिची आई वरून कापडी पट्टी लावते, तरी एखादा सेन्सर मधेच निघून येतो आणि काही हजार रुपये गेले. बदली मागायला हेल्पलाइन आहे. तिथे मराठीत बोलणारं कुणी भेटलं तर नशीब. साखर उतरली की फोन वाजतो, पण शाळेत फोन न्यायला बंदी आहे, आणि फोन घरी राहिला की वाजून उपयोग काय? शाळेचं चुकलं असं नाही. शाळेला कुणी कागद दिलेला नाही की हा फोन म्हणजे या मुलीचं औषध आहे. आणखी एक. हा सेन्सर रक्तातली साखर मोजत नाही, कातडीखालच्या द्रवातली मोजतो, आणि ती रक्ताच्या मागे काही मिनिटं राहते. मुलीला थरथर सुटली असेल आणि फोन 'ठीक' दाखवत असेल तर बोटाला टोचून बघायचं असतं. हे तिच्या आईला माझ्याकडून कळलं, खोक्यातला कागद मी वाचून दाखवला तेव्हा. मोबाइलवाल्याकडून.

कोविडपासून घरोघरी आलेल्या बोटाच्या ऑक्सिमीटरबद्दल थोडक्यात. २०२० साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये आलं की काळ्या कातडीच्या रुग्णांत ऑक्सिजन खरोखर कमी असूनही यंत्राने बरा दाखवण्याचं प्रमाण गोऱ्यांच्या जवळजवळ तिप्पट होतं. आमच्याकडे उन्हात होडीवर आयुष्य काढलेली माणसं आहेत. तुमची यंत्रं कुणाच्या कातडीवर तपासलीत, हे खोक्यावर छापा.

माहितीचा प्रश्नही आहेच. अण्णांच्या ठोक्यांची नोंद कुठल्या देशातल्या कॉम्प्युटरवर जाते, कोण बघतं, आम्हाला तिची प्रत का मिळत नाही, याला उत्तर नाही. अण्णांनी इंग्रजी फॉर्मवर सही केली, तीही मराठीत. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा म्हणतो की संमती मागताना ती मागणी राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषेत वाचायची सोय हवी. मराठी त्या अनुसूचीत आहे. २०१७ साली अमेरिकेत सुमारे ४,६५,००० पेसमेकरमध्ये, बाहेरून कुणी घुसखोरी करू नये म्हणून, नवं सॉफ्टवेअर घालायची पाळी आली होती आणि त्यासाठी रुग्णाला दवाखान्यात यावं लागत होतं. उद्या असं काही आलं तर आमच्या वाडीला ते इंग्रजी एसएमएसने कळवणार आहात का?

शासनातल्या साहेबांना एक आठवण. १ एप्रिल २०२० पासून सगळी वैद्यकीय उपकरणं कायद्याने औषध धरली जातात, आणि त्या व्याख्येत सॉफ्टवेअरही येतं, जोडीचं सामानही येतं. तेव्हा हा डबा आणि हे अॅप म्हणजे कंपनीने हौसेने दिलेली भेटवस्तू नव्हे. हृदयाच्या रक्तवाहिनीत घालायचे स्टेंट महाग आहेत हे दिसलं तेव्हा २०१७ साली त्यांच्या किमतीला मर्यादा घातलीत, देशभरच्या रुग्णांना त्याचा फायदा झाला. सेवा मधेच काढून घेण्यालाही मर्यादा घालता येईल. उपकरणांच्या बिघाडाची नोंद घेणारी व्यवस्था २०१५ पासून देशात आहे, पण तुमचं यंत्र बिघडलं तर इथे तक्रार करा, असं सांगणारा एक फलक मी आजवर एकाही दवाखान्यात पाहिलेला नाही.

तर मागण्या. कंपन्यांना सांगायचं ते असं: छातीतलं यंत्र जितकी वर्षं चालणार, तितकी वर्षं त्याची देखरेखही चालली पाहिजे, आणि हे बसवण्याआधी बिलावर लिहून द्या. मेअखेर जुने डबे बंद करण्याचा निर्णय मागे घ्या. पावसाच्या तोंडावर तर तो नकोच. फोरजीचं, मिळेल त्या कंपनीचा टॉवर पकडणारं सिम घातलेला डबा द्या, ज्याला घरी रेंज नाही त्याला बाहेर लावायची अँटेना द्या, डब्यात निदान दोन दिवसांची बॅटरी ठेवा आणि रेंज नसेल त्या दिवसांची खबर साठवून नंतर पाठवायची सोय करा. यांतलं अशक्य काहीच नाही. वीजमीटर वाचायच्या यंत्रांतसुद्धा असं सिम असतं. अॅप ज्यांना हवं त्यांना द्या, पण मराठीत, आणि बोलणारं. अडॅप्टर चिपळूण-रत्नागिरीत मिळू द्या.

रुग्णालयांना: ऑपरेशनच्या आधी रुग्णाच्या घरी रेंज कुठे आहे ते विचारा. घरी सोडताना मराठीत एक पान द्या. त्यावर खबर कोण बघतं, कोणत्या दिवशी, किती वाजता, सुट्टीच्या दिवशी काय, आणि त्रास झाला तर १०८. डबा सात दिवस मुका राहिला तर फोन तुमच्याकडून यायला हवा. दर वेळचा अहवाल रुग्णाच्या गावाकडच्या डॉक्टरला पाठवा. आणि तपासणीचं यंत्र घेऊन तुमचा माणूस वर्षातून दोनदा, एकदा मेमध्ये आणि एकदा दिवाळीनंतर, चिपळूणला किंवा रत्नागिरीला येऊ द्या. पेसमेकर तपासायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात. त्यासाठी ७८ वर्षांच्या माणसाने घाट, महामार्गाचे खड्डे आणि एक रात्र मुंबईत नातेवाइकाकडे, हा हिशेब बरोबर नाही.

शासनाला: परवाना देताना देखरेखीची सेवा ही अट म्हणून घाला. उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात सगळ्या कंपन्यांची यंत्रं वाचू शकेल असा एक डबा बसवता येतो का ते कंपन्यांना बसवून विचारा. ते आपणहून एकत्र येणार नाहीत. आशाताईंना यात घ्यायचं असेल तर त्याचे वेगळे पैसे द्या, त्यांच्या वहीत आणखी एक रकाना फुकट वाढवू नका. आरोग्य केंद्राजवळच्या टॉवरला पावसाळ्यात डिझेल पोचेल हे बघा. आणि शाळांना एक परिपत्रक काढा की मधुमेही मुलाचा सेन्सरचा फोन शाळेत चालेल.

या पत्राचं उत्तर मराठीत, कागदावर आणि टपालाने पाठवावं, मे महिना संपायच्या आत. आमच्याकडे पोस्टमन पावसातही येतो. उत्तरात तारखा असाव्यात आणि एका माणसाचं नाव असावं, ज्याला आम्ही फोन करू शकू. तोवर अण्णांच्या उशाशी असलेला जुना डबा आम्ही परत पाठवणार नाही, आणि माझ्या दुकानात जे जे लोक डबे घेऊन येतील त्यांनाही तेच सांगणार आहे.

कळावे,
आपला,
गुहागर तालुक्यातील एक मोबाइल दुरुस्तीवाला